माझा डीएनए सांगतो

रक्त द्यायच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या हातात पोलिसांचं पत्र होतं. नदीत सापडलेल्या मृतदेहाशी दोघांचं रक्त जुळवून बघायचं होतं.

"अहो, आपण उगाच आलोय. तो आपला नाही."

"नसेल तर उत्तमच. जुळणार नाही, घरी जाऊ."

"आपला मुलगा घरातून गेल्यापासून माझा डीएनए मला रोज सांगतोय, तो जिवंत आहे म्हणून."

"डीएनए असं काही सांगत नसतो गं. तो मशीनमध्ये बघावा लागतो."

"तो पोटात होता तेव्हाच्या त्याच्या पेशी अजून माझ्या अंगात आहेत. त्याला काही झालं असतं तर त्यांनी सिग्नल दिला असता."

"बरं."

"बरं काय? त्याला ताप आला की शाळेचा फोन यायच्या आधी मी चप्पल घालून तयार असायचे की नाही?"

"असायचीस."

"मग?"

"मग काही नाही. बाही वर कर, आपला नंबर आलाय."

"आता ह्याच रक्तानं उलटं सांगितलं, तर मी कुणाचं ऐकायचं?"

सिस्टरनं दोन सुया काढून ठेवल्या.

"सिस्टर, एकट्या बापाचं रक्त चालतं का?"

"चालतं. पण आईचंही असलं की निकाल पक्का येतो."

बायकोची बाही त्यानं स्वतःच खाली ओढली.

"एवढा पक्का नको. माझंच घ्या."