दोष सांगून विकणे आहे

हैबतराव : ...आणि डावीकडचं दार उघडत नाही. उजवीकडचं उघडतं, पण मग मिटत नाही, म्हणून मी तेही उघडत नाही. बाहेरून टांग टाकून आत बसायचं. माझ्या वयाच्या प्राध्यापकाला ते शोभत नाही, पण तो दोष गाडीकडे लावू नका.

गोविंदा : नाय लावत, सर. पुढं बोला.

हैबतराव : ब्रेक. लागतात, लागत नाहीत असं नाही, पण त्यांना आधी कळवावं लागतं. नागोठण्याहून पेणला येताना वडखळ नाक्यावर थांबायचं असेल, तर मी गडबपासूनच तयारीला लागतो.

गोविंदा : बरं.

हैबतराव : वेगाचा काटा साठवर अडकलाय. म्हणजे आत्ता या शेडमध्ये ही गाडी साठच्या वेगाने उभी आहे.

शांती : चहा घ्या, भावोजी. यांचं दोषवाचन संपेस्तोवर गार व्हईल.

गोविंदा : कशाला वहिनी तरास घेतलात.

शांती : रोह्यावरनं एसटीनं आलात, चहा तरी पोटात जाऊंदे. तुमच्या आधीचे तिघं कपाला हात न लावता गेले. पनवेलचा तो दलाल तर चपला घालायला पण थांबला नाय, हातात घेऊन गेला.

हैबतराव : त्याला मी फक्त गिअरबॉक्सविषयी सांगितलं होतं.

गोविंदा : सर, एक विचारू? गाडी विकणारा माणूस निस्ते दोषच सांगतो, हे मी पयल्यांदा बघतोय.

हैबतराव : तत्त्व आहे माझं. महाडच्या एका डॉक्टरांकडून मी ही घेतली. विलायती स्पोर्ट्स गाडी, दोनच सीटा, कापडी टप, तारांची चाकं. मी नुकताच कॉलेजात कायम झालो होतो, माणूस त्या वयात कशालाही हो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, वाऱ्यासारखी जाते. खोटं नव्हतं ते. कधी सुटेल आणि कधी पडेल, काही सांगता येत नाही. तेव्हाच ठरवलं, आपण विकू तेव्हा सगळं सांगून विकू.

शांती : तत्त्व बित्त्व काय नाय. मला बघायला आले तेव्हा चष्मा खिशात लपवून आले होते. पोह्यांत चमचा सापडत नव्हता. तवा नाय आठवलं खरं बोलायचं. गिऱ्हाईक दारात आलं की यांना खरेपणाचा झटका येतो.

हैबतराव : शांती, पाहुण्यांसमोर...

शांती : पाहुण्यांसमोरच सांगते. भावोजी, उद्या सकाळी हमरापूरनं टेम्पो येतोय, कच्च्या गणपतींचा. इतकी वर्सं लोकांच्या कारखान्यात जाऊन मी डोळे आखले. मूर्ती त्यांची, नाव त्यांचं. औंदा शेठ पयल्यांदा म्हणाला, शांतीबाई, माल तुमच्याच घरी टाकतो, तुम्ही चार बाया बसवा नि करा. आता कोरडी, वर छप्पर असलेली जागा आमच्याकडं ही एकच. आणि हितं ही बाई पसरलीय.

गोविंदा : मग बरोबर वेळेला आलो मी.

हैबतराव : घाई करू नका, गोविंदराव. मुख्य दोष राहिलाय. हा पुढचा मडगार्ड वाजवून बघा.

गोविंदा : पत्र्यागत वाजत नाय.

हैबतराव : कारण तिथे पत्रा नाही. पत्रा कधीच गंजून गेला. हिचा भाऊ नाथा मूर्तिकार आहे, त्याने प्लॅस्टर भरून दिलं. भोकं मोठी होती तिथे आत काथ्या घातलाय. रंगही त्याचाच. हा जो पिवळा तुम्हाला आवडलाय, तो पीतांबराचा पिवळा.

गोविंदा : तरीच म्हटलं, वळखीचा वाटतोय.

हैबतराव : गेल्या पावसाळ्यात एसटी स्टँडसमोर सरीत सापडलो. गाडीच्या नाकातून पिवळा ओघळ सुरू झाला, मग नाकच उतरलं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांना वाटलं, ही विसर्जनालाच निघालीय.

शांती : आणि नाथानं एक पैसा घेतला नाय, ते पण सांगा.

हैबतराव : तो म्हणाला, दाजी, एवढी मोठी मूर्ती कधी केली नव्हती, माझी हौस फिटली. तर गोविंदराव, असं आहे एकंदर. तुम्ही आलात, बरं वाटलं. चार वाजताची रोहा गाडी मिळेल तुम्हाला.

गोविंदा : घेतो मी.

हैबतराव : चहा ना? घ्या की.

गोविंदा : गाडी घेतो.

हैबतराव : मी बहुतेक नीट समजावलं नाही. इंजिनाचं तर अजून बोललोच नाही.

गोविंदा : इंजिन ठेवा तुम्हालाच. मला चालवायची कुठं हाय? फोटो स्टुडिओ हाय माझा रोह्यात. काश्मीरचा पडदा हाय, खोटा टेलिफोन हाय, मोटारसायकल हाय. पण मोटारसायकल आता कोलाडवाल्यानं पण आणली. मला पायजे स्पोर्ट्स गाडी. लग्न ठरलेली जोडी आली की गाडीत बसवायची, पंखा लावायचा, तिची ओढणी उडाली पायजे. दार उघडत नाय तर नाय. पाऊस काय स्टुडिओत पडत नाय. आणि काटा साठवर, म्हंजे सर, फोटोत तर एक नंबर दिसणार.

शांती : बघा. माणूस कसा गुणग्राहक असतो.

गोविंदा : फक्त स्टुडिओ माझा दहा फुटी. अख्खी मावणार नाय. ती उभी कापायची नि अर्धी भिंतीला टेकवायची. फोटोत कळत नाय. धाटावला गॅसकटरवाला बोलून ठेवलाय.

हैबतराव : उभी कापायची.

गोविंदा : शेंडीपासून शेपटीपर्यंत.

हैबतराव : आणि उरलेली अर्धी?

गोविंदा : भंगारात.

हैबतराव : गोविंदराव, ही गाडी चालते.

गोविंदा : मघाशी तर...

हैबतराव : मघाशी दोष सांगितले. गुण तुम्ही विचारले नाहीत. ही भिसे खिंड चढलेली गाडी आहे. तिसऱ्या गिअरवर चढली, म्हणजे दुसरा पडत नव्हता म्हणून तिसऱ्यावर. मागे शहाळ्यांचा ट्रक होता, त्याला मागे टाकला.

शांती : ट्रक पंक्चर झाला होता. मी बाजूला बसले होते.

हैबतराव : टाकला की नाही मागे? सरका जरा. चोक ओढला की एका दमात... दोन दमांत... शांती, तो पाट सरकव, धूर तिकडे जाईल. हं. ऐका. ऐकलंत?

गोविंदा : लय धूर हाय सर.

हैबतराव : धूर आहे, पण खालचा सूर ऐका. ती हाताखाली थरथरतेय बघा, बॉनेटवर हात ठेवा. ठेवा हो.

गोविंदा : जिती हाय ही.

हैबतराव : तेच सांगतोय मी.

गोविंदा : आणि आरशाला ही झेंडूची माळ. दसऱ्याची काय?

हैबतराव : दर दसऱ्याला पूजा होते. माझा विश्वास नाही फारसा, पण करतो.

गोविंदा : मग बंद करा सर. मला नाय जमणार. मेलेली हाय समजून आलो होतो. पूजेची, जिती गाडी, तिच्यावर गॅसकटर चालवायचा... माझ्या धंद्याला नाय लाभायचं. दुसरी बघतो कुठंतरी.

शांती : झालं? झालं मनासारखं? तीन गिऱ्हाइकं मेलेली म्हणून घालवलीत, चौथं जिती म्हणून.

हैबतराव : मी खरं तेच सांगितलं दोन्ही वेळेला.

शांती : व्हय, खरं. तुमचं खरं पण तुमच्यागतच हाय, गाडी घराभायेर जाईल असं कधी बोलत नाय. उद्या टेम्पो परत गेला की शेठ सगळा माल धोंडुबाईकडं टाकणार. तिच्या हातचे डोळे तिरके येतात, गणपती शेजारच्या घरात बघतोय असं वाटतं. पण तिची जागा मोकळी हाय.

हैबतराव : शेठला दोन दिवस थांब म्हटलं तर?

शांती : वीस वर्सं मी थांबलेच की.

गोविंदा : वहिनी, मी निघतो. नवरा-बायकोच्या मधी मी...

शांती : बसा, भावोजी. तुमच्या घरी गणपती येतो ना?

गोविंदा : येतो ना. पाच दिवसांचा.

शांती : पाच दिवस पूजता, आरत्या करता, नि पाचव्या दिवशी कुंडलिकेत बुडवता. पाप लागतं?

गोविंदा : ते कसं लागंल? आधी उत्तरपूजा होते. अक्षता वाहायच्या, हातावर दही ठेवायचं, जागेवरनं जरा हलवायचा. हलवला की देव गेला. मग नुसती माती.

शांती : मग हिची करू की उत्तरपूजा. नायतरी अर्धी प्लॅस्टरचीच हाय.

गोविंदा : गाडीची?

शांती : दसऱ्याला पूजा चालते तर उत्तरपूजा का नाय? हलवली की निस्ता पत्रा. मग उभी कापा नायतर आडवी.

गोविंदा : तसं असंल तर... व्हय, तसं माझी काय हरकत नाय. पण करणार कोण? ज्यानं बसवलीय त्यानंच हलवायला लागतं. माझ्या हातनं नाय चालणार.

शांती : तेच म्हणते मी. मी काय यांच्यावर जबरदस्ती करत नाय. यांना जमत नसेल तर मी आताच शेठकडं सांगून येते, धोंडुबाईला द्या म्हणून.

हैबतराव : दही आहे का घरात?

शांती : ...हाय. सकाळचं हाय.

हैबतराव : आंबट नको. हिला आंबटाने... म्हणजे, रंग जातो.

शांती : गोड हाय. बघून आणते.

गोविंदा : सर, मंतर येतो ना तुम्हाला?

हैबतराव : मला फक्त शेवटचा पाठ आहे. तो पुनरागमनाय च म्हणतात तो.

शांती : तेवढा म्हणू नका. परत बिरत बोलवायची नाय हिला. ह्या अक्षता घ्या. आणि पायातल्या चपला काढा.

हैबतराव : मी अर्थशास्त्र शिकवतो, गोविंदराव. विद्यार्थ्यांपैकी कोणी रस्त्यावर दिसलं तर सांगा.

(हैबतराव बॉनेटवर अक्षता टाकतात, चमचाभर दही ठेवतात.)

गोविंदा : आता हलवा. लय नाय, इतभर हलली तरी झालं.

शांती : मी मागनं हात लावते. तुम्ही पुढं उभे ऱ्हावा.

गोविंदा : हलत नाय की. हँडब्रेक लावलाय काय, सर?

हैबतराव : तो सांगायचा राहिला. हँडब्रेक हिला कधी नव्हताच.

गोविंदा : मग चाकाखाली दगड असंल. थांबा, मी पलीकडनं वाकून बघतो.

शांती : दगड नाय. सकाळीच काढलेत मी. अहो.

हैबतराव : काय?

शांती : मग हलत का नाय?

हैबतराव : मी धरून हाय गो हिकडनं.

शांती : ठाव हाय मला. मी पण अजून ढकलत नाय.