वळणावरचा बर्फ

सन्माननीय अध्यक्ष हिल्के मायनेमा, मंचावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती वित्स्केबाई, चित्रकला मंडळाचे सभासद आणि शेजारच्या खोलीतून वाटाण्याच्या सूपचा वास येत असूनही शांत बसलेल्या गावकऱ्यांनो,

मी दाउवे. चित्रकार नाही. बावीस वर्षं या गावचा बर्फ तपासतोय. कालव्यावर स्केटिंग करायचं की नाही, हे मी सांगतो.

गोठलेले कालवे आपल्याकडे चारशे वर्षांपासून रेखाटले जाताहेत. तीच परंपरा वित्स्केबाईंनी या गावात एकतीस हिवाळे चालवली. कडाक्याच्या थंडीत विद्यार्थ्यांना बाहेर बसवायच्या. कोणी कुरकुरलं तर म्हणायच्या, "रंग गोठतात बाळांनो, पेन्सिल गोठत नाही. काढा."

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या शर्यतीचा दिवस. सकाळी मी बर्फ मोजला होता, चौदा सेंटिमीटर, म्हणजे मुलांना पुरेसा जाड. बाई दोन कागद घेऊन आल्या.

"दाउवे, पवनचक्कीजवळच्या वळणावर मुलांना सोडू नकोस."

"बाई, तुम्ही चित्रं काढा. बर्फाचं मी बघतो."

"बघ ना मग. हे कालचं चित्र. इथे सगळं पांढरं होतं, म्हणून मी कागद कोरा सोडलाय. हे आजचं. त्याच जागी काळपट दिसलं, पेन्सिल दाबावी लागली. बर्फावरचं हिम खालून भिजतंय. तिथे मोजलंस का?"

मोजलं नव्हतं. चिडलो, पण गेलो. काठी टेकवली, ती आरपार गेली.

शर्यतीची वाट बदलली. लोकांनी मला शिव्या घातल्या. दुपारी त्या वळणावरचा बर्फ आपोआप खचला. त्यावर कोणीही नव्हतं.

वर्तमानपत्रात काय छापून आलं, आठवतंय? 'दाउवेच्या अनुभवी नजरेने बत्तीस मुलं वाचली.' मी ते कात्रण चौकट करून भिंतीवर लावलं. बाईंनी ते पाहिलंसुद्धा होतं. म्हणाल्या, "चौकट छान आहे." बस्स. एकोणीस वर्षांत त्यापलीकडे एक शब्द नाही.

मंडळी, ती नजर माझी नव्हती. त्या बत्तीसांतले सात जण आज इथे आहेत, त्यांतली एक माझी मुलगी. तिलाही हे आत्ताच कळतंय. ज्या गावात अशी बाई पेन्सिल धरून बसली, त्या गावचा मी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. न बोलण्यात जे झालं, त्याची क्षमा मात्र, वित्स्केबाई, तुमच्याकडे मागतो.