मेरीमाता स्वयंपाकघरात बसली

मी मूळची साताऱ्याची, सुनंदा. आता सासरी सुनी म्हणतात, पण आवाज दिला की मी अजून सातारी सुरातच ओ देते. वडील एस्टीत कंडक्टर होते आणि आई अशी काटकसरी, की आमच्या घरी साबणाची वडी म्हणून कधी संपायचीच नाही, जुन्या वडीचा चपटा तुकडा नव्या वडीच्या पाठीवर चिकटवायचा आणि पुढे चालू. मला त्याची फार लाज वाटायची. मी मनात म्हणायची, एकदा का नोकरी लागली की साबणाचे तुकडे असे खिडकीतून भिरकावून देईन. लागली नोकरी. सिंगापूरला, एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. तिथला एसी बिघडला, तो दुरुस्त करायला रोमेल आला, आणि तो एसी नंतर इतक्या वेळा बिघडला की साहेब म्हणाले, तुम्ही दोघं लग्न करा म्हणजे माझं ऑफिस गार राहील.

काय सांगू तुम्हाला ताई, लग्न झालं, सिंगापुरातच सेंगकांगला फ्लॅट झाला, फिलिपिन्सहून सासू राहायला आली. पहिल्या दिवशी मी बाथरूममध्ये गेले तर काय, नव्या वडीच्या पाठीवर जुना तुकडा! मी तिथेच बसून हसले. समुद्र ओलांडून आले आणि माझी आईच नाव बदलून पुढ्यात उभी.

तिला आम्ही नानाय म्हणतो, म्हणजे आईच. नानायच्या राज्यात प्लास्टिकची पिशवी धुऊन चिमट्याला वाळत पडते, तांदळाचं धुवण कुंडीत जातं, आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम सोडून सगळं असतं. आमची मिरा लहान असताना तो डबा आशेनं उघडायची आणि आत सुकी मासळी बघून इकडच्या पोरांच्या इंग्रजीत ओरडायची, व्हाय लाइक दॅट, लाह! रोमेल म्हणायचा, मीही लहानपणी असाच फसायचो, चालू दे परंपरा.

तर नानायचं सगळं मनासारखं होतं, एकच गोष्ट अडली होती. इकडच्या फिलिपिनो कुटुंबांचा एक रोजरीचा, म्हणजे जपमाळेचा, गट आहे. मेरीमातेची एक मूर्ती आहे त्यांची, हातभर उंचीची, ती घरोघर मुक्कामाला जाते. एका घरी आठवडाभर राहते, रोज संध्याकाळी सगळे जमतात, माळ जपतात, मग खाणंपिणं, आणि रविवारी पुढच्या घरी. आमच्या इमारतीपर्यंत यायची हो, दोन मजले खाली यायची, पण आमच्या घरी नाही. का, तर सून हिंदू. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. गट सांभाळायच्या तिता लोर्ना, तिता म्हणजे मावशी, पासिर रिसला राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि चालायच्या अशा की जणू मागे अख्खा वर्ग रांगेत आहे. त्या म्हणायच्या, बघू पुढच्या वेळी. नानाय घरी येऊन खुर्चीवर बसून एकटीच माळ ओढायची, आणि मला वाटायचं, ही माझ्यामुळे एकटी बसलीय.

शेवटी एका ऑक्टोबरात, म्हणजे त्यांचा रोजरीचा महिना, रोमेल जाऊन बोलला. तिता म्हणाल्या, आणते, पण घर बघेन, मान राखला जातोय असं वाटलं तर ठेवेन, नाहीतर तशीच पासिर रिसला घेऊन जाईन.

झालं. आमच्याकडे परीक्षेची तयारी. नानायनं पन्सित म्हणून शेवयांसारखा पदार्थ केला, थोडक्या चिकनमध्ये चाळभर लोक जेवतील असा. हॉल लख्ख केला. आणि हॉलमधलं जे काही होतं नव्हतं ते सगळं, रिकामे डबे, बाटल्या, वाळत्या पिशव्यांची दोरी, सगळं स्वयंपाकघरात कोंबून दार लावून घेतलं. मला बजावलं, सुनी, तुझं काही डोकं लावू नकोस, फक्त दार उघड आणि हस.

मी दार उघडलं. हसले. इथपर्यंत सगळं बरोबर.

तिता लोर्ना दारात, कडेवर मूर्ती, मागे वीसेक माणसं. घरात यायचं तर चपला काढायला हव्यात, आणि त्यांच्या सँडलला बक्कल. त्यांनी इकडे तिकडे बघितलं, सगळ्यात जवळ मी. नाइलाजानं मूर्ती माझ्या हातात दिली आणि वाकल्या.

आता तुम्हीच सांगा ताई, मी काय करू? माहेरी गौरी आणायचं काम लहानपणापासून माझं. उंबऱ्यात उभी, हातात देवी, डोईवर पदर नाही पण आल्यासारखा वाटला. डोकं बंदच झालं, पायच चालायला लागले. मी मिराला म्हटलं पाणी आण, उंबऱ्यावर शिंपडलं, उजवं पाऊल आत टाकलं आणि मोठ्यानं म्हटलं, कोण आलं? माऊली आली! कशाच्या पावलांनी? सोन्याच्या पावलांनी! मिराला वाटलं आई गेली कामातून. मी मात्र सुटलेच. हा हॉल, ही झोपायची खोली, हे मिराचं टेबल. गौरीला घर दाखवतात ना, तसं. आणि गौरीला मुख्य काय दाखवतात? स्वयंपाकघर!

नानाय मागून सुनी, सुनी करतेय, मी कोपरानं दार ढकललं. सगळी वरात माझ्यामागे. मी तांदळाचा डबा उघडून दाखवला, पीठ दाखवलं, आणि त्याच झोकात आइस्क्रीमचा डबा उघडला. सुक्या मासळीचा वास सुटला. डोक्यावर पिशव्या लटकतायत, पायात बाटल्या. तेव्हा कुठे मी भानावर आले. तिता लोर्नांनी हात पुढे केले. मला कळलं, मूर्ती परत मागतायत. एवढ्या वर्षांचं नानायचं मागणं मी एका फेरीत घालवलं.

तेवढ्यात नानाय मध्ये आली. एवढीशी बाई ती, माझ्या खांद्याला लागत नाही. म्हणाली, लोर्ना, मी कचरा लपवला आणि माझ्या सुनेनं घर दाखवलं. मेरीच्या नवऱ्याचं काय बँकेत खातं होतं? सुताराची बायको ती, तिनंही उरलंसुरलं झाकूनच ठेवलं असणार. ती हॉलमध्ये थोडीच बसायची!

तितांनी नानायकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, ही मासळी तळणार आहात की नुसतीच दाखवणार? माझी सून घरात आणू देत नाही हो, वास येतो म्हणते.

असे हसले सगळे! तितांनी पुढे केलेल्या हातांनी पिशव्यांची दोरी बाजूला सारली, ओट्यावर जागा केली, म्हणाल्या, ठेव इथेच. पहिली माळ आमच्या स्वयंपाकघरात झाली. अर्धे लोक आत, अर्धे हॉलमध्ये, दोघे तर बाहेर चपलांपाशी. आठवडाभर माऊली गॅसच्या शेजारी राहिली. नानाय भाजी चिरताना तिच्याशी बोलायची, आणि मी आमटीला फोडणी देताना आधी तिला सांगायची, जरा ठसका लागेल हं.

आता मूर्ती कुणाकडेही जायची असो, उंबऱ्यातून आत न्यायला मलाच बोलावतात. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, गणपती माझा आहे तिथेच आहे, फादरना ठाऊक आहे, ते हसतात. मागच्या रविवारी तिता लोर्नांकडे होती. चार दिवस स्वयंपाकघर घासत होत्या म्हणे. मी मूर्ती घेऊन आत गेले, कोण आलं म्हटलं, आणि वीस फिलिपिनो बायका एका सुरात मराठीत म्हणाल्या, माऊली आली! उच्चार असा की साताऱ्यात कुणी ऐकलं तर मार खातील. पण नानाय सगळ्यांच्या पुढे उभी राहून, मान ताठ करून, सगळ्यात मोठ्यानं म्हणत होती. देवानं तिचा तो आवाज असाच राखावा.