डावखुऱ्याची सही

व्हर्ना : प्रदर्शनाच्या दारापासून रांगेतच उभी होते मी, मिस्टर ओक्स. मागच्या माणसाला विचारा. आता हा बेसबॉल हातात घ्या आणि माझ्याकडे बघून सांगा, सही खोटी आहे म्हणून.

ओक्स : मॅडम, खोटी असं आमची कंपनी कधीच म्हणत नाही. ‘अस्सल असण्याची शक्यता कमी’ असं लिहितो आम्ही.

व्हर्ना : म्हणजे खोटीच की. वर साखर भुरभुरलेली.

ओक्स : ते फक्त मत असतं. आम्ही सह्या तपासून मत देतो, निवाडा करत नाही. पुढे लोकांनी त्याचं काय करायचं, ते…

व्हर्ना : लोकांनी काय केलं ते सांगते ना. माझा भाऊ डेल प्रुइट. केटरबर्गच्या संग्राहक मंडळाचा अध्यक्ष. हा बॉल त्यानं तुमच्याकडे तपासायला पाठवला. तुमचा कागद आला आणि कुजबुज सुरू झाली. डेलच्या तळघरात असला माल आणखी किती असेल, कुणाकुणाच्या गळ्यात त्यानं काय काय मारलं असेल! ज्यांना त्यानं आयुष्यभर स्वतःकडच्या सह्या फुकट वाटल्या ना, त्यांनीच अध्यक्षपद काढून घेतलं. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही त्यानं. दूध संपलं तरी मला फोन करतो.

ओक्स : ऐकून खरंच वाईट वाटलं. पण सही जुळत नाही, त्याला मी काय करू? हे बघा, पडद्यावर. बेसबॉलपटू अमोस टिडवेलच्या सहीचे आमच्याकडचे नमुने. सगळी अक्षरं उजवीकडे झुकलेली. तुमच्या बॉलवरची डावीकडे. ‘टी’ची आडवी रेघसुद्धा उलट्या बाजूनं ओढलेली. नक्कल करणाऱ्यानं घाई केली की असं होतं.

व्हर्ना : कुठला नक्कल करणारा? मी तिथे हजर होते! डेलचा पाय प्लास्टरमध्ये, आमच्या बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानाच्या कुंपणापर्यंत नेलं होतं. टिडवेल आला, मांडीवर बॉल टेकवून सही केली, पोराच्या प्लास्टरवर टिचकी मारली आणि गेला.

ओक्स : मॅडम, रागावू नका, पण या टेबलापाशी येणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते. आणि खोटा माल विकणाऱ्याकडे तर सगळ्यात सुंदर असते. म्हणून आम्ही गोष्ट ऐकत नाही. शाई बघतो.

व्हर्ना : पटलं. अगदी पटलं. म्हणून मी नुसती गोष्ट घेऊन आलेच नाही, माणूस घेऊन आलेय. या, मिस्टर टिडवेल. सांभाळून, पायात वायर आहे.

अमोस : दिसतेय मला वायर. म्हातारा झालोय, आंधळा नाही. माझी सही खोटी म्हणणारा पोरगा तो हाच का?

ओक्स : आपण…?

अमोस : अमोस टिडवेल. ह्याच गावच्या संघात चेंडू टाकायचो. हे घे लायसन्स. यंदा गाडी चालवू देत नाहीत मला, पण फोटो माझाच आहे. ही बाई थेट फोर्ट वेनला माझ्या मुलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, तुमची सही खोटी ठरवलीय, चला. आता ह्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

व्हर्ना : बॉल बघा ना नीट.

अमोस : बघतोय. माझीच आहे. ते पोर मात्र आठवत नाही हं, व्हर्ना. खोटं कशाला बोलू? पायाला प्लास्टर बांधलेली पोरं रगड भेटली. पण सही माझी.

ओक्स : सर, तुम्ही समोर आहात, माझं भाग्यच. पण… कसं सांगू… पुष्कळ खेळाडूंना आपली सही ओळखता येत नाही. आम्ही पाहिलंय. इतकी वर्षं लोटली की…

अमोस : कागद दे.

(अमोस सही करतो. मग न विचारता खाली आणखी दोन.)

व्हर्ना : बोला आता.

ओक्स : ही… बॉलवरच्यासारखीच आहे.

व्हर्ना : मोठ्यानं. रांगेतल्यांनाही कळू दे.

ओक्स : बॉलवरच्यासारखी आहे! पण नमुन्यांशी जुळत नाही, मॅडम. तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. तरी नाहीच जुळत.

अमोस : कुठल्या हातानं केली मी सही?

ओक्स : डाव्या.

अमोस : आणि चेंडू कुठल्या हातानं टाकायचो?

ओक्स : डाव्याच. पण डावखुऱ्यांची अक्षरंही उजवीकडे झुकू शकतात, सर. त्यावरून काही ठरत नाही.

अमोस : तेही खरं. तो पडदा जरा वळव इकडे. आणखी. अरे देवा! ही तर गसची!

ओक्स : कोण गस?

अमोस : गस लिंडनर. आमच्या कपड्यांच्या खोलीवर होता. गणवेश धुवायचा, बूट घासायचा. मालक खोक्यांनी बॉल पाठवायचे, सगळ्या संघानं सह्या करा म्हणून. आम्हाला कंटाळा यायचा. मग गस पाय पसरून बसायचा आणि अख्ख्या संघाच्या सह्या एकटा ठोकायचा. माझी तर माझ्यापेक्षा झकास काढायचा.

ओक्स : सर, जरा हळू…

व्हर्ना : का हो, हळू का? म्हणजे गसची सही अस्सल, आणि हा माणूस स्वतःचीच नक्कल करतोय, असंच ना?

ओक्स : मॅडम, या नमुन्यांच्या जोरावर आम्ही किती प्रमाणपत्रं दिलीत, त्याची तुम्हाला कल्पना नाही. आत खोलीत बसू या. तुमचा बॉल मी आजच पास करतो. प्रमाणपत्र, चमकता शिक्का, सगळं. तुमची दमडी लागणार नाही. फक्त त्या गसचं नाव… मी वरिष्ठांशी बोलेपर्यंत…

व्हर्ना : शिक्का नको मला.

ओक्स : मग हवं तरी काय?

व्हर्ना : कागदावर लिहा. ‘आमची चूक झाली. डेल प्रुइट खरं बोलत होता.’ आणि खाली तुमची सही.

ओक्स : असं लिहून द्यायचा अधिकार मला नाही.

व्हर्ना : माझ्या भावाला लबाड ठरवायचा होता! तेव्हा कुणाला विचारलंत?

अमोस : सोड, व्हर्ना. त्याची नोकरी आहे ती. ती खुर्ची ओढ इकडे. तिथे नाही, इथे, ह्याच्या टेबलाला अगदी चिकटून. ऐका रे सगळे! माझ्या सहीवर ज्यांना ज्यांना ह्यांचा नकार आलाय, त्यांनी इकडे या. शिक्का मिळालेल्यांनीसुद्धा या. माझी असेल तर माझी म्हणेन, गसची असेल तर गसची.

ओक्स : सर, असं बसता येत नाही इथे. आयोजक येतील.

अमोस : येऊ देत. मला खुर्चीसकट उचलावं लागेल म्हणावं. गुडघे काम करत नाहीत माझे.

व्हर्ना : आणि उचलताना मी फोटो काढणार.

ओक्स : माझ्या वडिलांकडे तुमचा बॉल आहे, सर. काचेच्या पेटीत ठेवलाय. तो मीच पास केलाय.

अमोस : उजवीकडे झुकलेला?

ओक्स : हो.

अमोस : राहू दे पेटीतच. गस चांगला माणूस होता. पण नाव त्याचं सांग. व्हर्ना, तुझ्या भावाला फोन लाव.

व्हर्ना : लावतेय. … डेल? टीव्ही बंद कर आधी. … नाही, दुधाचं नाही. थांब, एकजण बोलणार आहेत तुझ्याशी.

अमोस : डेल? टिडवेल बोलतोय. तुझा बॉल बघितला. माझी सही आहे ती. … हो. इथे हॉलमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं. … घे ग बाई, तुलाच बोलावतोय.

व्हर्ना : डेल? … हं. … हं. … बरं.

अमोस : रडतोय का?

व्हर्ना : नाही. बूट शोधतोय.