सात खटके

भाऊजी: फोन वाजत होता. पण मी दाराची फळी रंधत होतो, आणि फोन ढलप्यांखाली गेला होता.

धाकटी: किती वेळा वाजला?

भाऊजी: चारदा. पाचव्यांदा सापडला. औषधांच्या दुकानातला माणूस होता. म्हणाला, तुमच्या बाईंना जरा बरं वाटत नाहीये, येऊन जा. तेव्हाच कळलं मला, ही गेली.

धाकटी: त्यानं तसं कुठे सांगितलं?

भाऊजी: फार हळू बोलला गं. दाराचं माप चुकलं की मी गिऱ्हाइकाशी बोलतो ना, तसा.

धाकटी: आणि गाडी?

भाऊजी: दुकानासमोरच होती. नीट लावलेली. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर टाकलेला, चाकं फुटपाथकडे वळवलेली, काचा वर. छातीत कळ येत असताना माणूस एवढं करतं का? हिनं केलं. मग उतरून आत गेली, गोळी मागितली आणि काउंटरपाशी खाली बसली. तेवढंच.

धाकटी: आठ महिने झाले. हे मला एकदाही सांगितलं नाहीत तुम्ही.

भाऊजी: तू एकदाही विचारलं नाहीस.

धाकटी: रांगेतली पुढची गाडी सरकली. घ्या पुढे. हळू... भाऊजी, तुमचे गुडघे कुठे आहेत?

भाऊजी: पायांनाच आहेत.

धाकटी: स्टिअरिंगला टेकलेत. एवढा सहा फुटी माणूस कपाटात कोंबल्यासारखा बसलाय. सीट मागे घ्या ना.

भाऊजी: आहे ते बरं आहे.

धाकटी: ताईची सीट आहे ही. ताई माझ्याएवढी होती. मला ही बरोबर बसेल, तुम्हाला कशी बसणार?

भाऊजी: त्या दिवशी अशीच घरी आणली. नंतरही चारदा चालवली. काही अडलं नाही.

धाकटी: बाजारातून पिशवी आणायला नाही अडत. इथे शर्यतीत पाव मैल गाडी फेकायचीय. सुटताना डावा पाय झटक्यानं वर यायला हवा, त्याला जागा नको?

भाऊजी: तू बाकीचं सांग. सीटचं राहू दे.

धाकटी: बरं. राहू दे. डिकी रिकामी केलीत?

भाऊजी: स्टेपनी, जॅक, पाने, हिची छत्री, दोन सतरंज्या. सगळं तिकडे झाडाखाली रांगेत मांडलंय.

धाकटी: रांगेत कशाला?

भाऊजी: परत ठेवताना ज्या जागी होतं त्या जागी जायला पाहिजे.

धाकटी: देवा. हवा?

भाऊजी: पुढच्या चाकांत थोडी कमी केली. पुढची चाकं ओढतात, त्यांना जमीन धरायला सोपं जातं. हे मला माहीत आहे. नऊ वर्षं इथे कठड्याशी थर्मास धरून उभा राहिलोय मी. एक वर्ष ती पळवायची, एक वर्ष तू. मला चहाची ड्यूटी.

धाकटी: बघणं वेगळं, बसणं वेगळं. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रोज आठ तास नवशिक्यांच्या शेजारी बसते, मला विचारा. एसी बंद आहे ना?

भाऊजी: का?

धाकटी: शर्यतीच्या पट्ट्यावर पाणी ठिबकतं. मागच्याची गाडी घसरेल आणि तो तुमचा उद्धार करेल. आता ऐका. पुढे पाणी ओतलेलं दिसतंय ना, तिथे ते रेसचे टायरवाले चाकं फिरवून धूर काढतात. आपण वळसा घालायचा. आपल्या साध्या टायरच्या खाचांत पाणी बसतं, मग सुटताना पुढची चाकं जागच्या जागी नाचतात.

भाऊजी: वळसा. ठीक.

धाकटी: मग मुंगीच्या पावलानं पुढे. खांबावर वरती दोन बारके दिवे आहेत. एक लागला की जवळ आलात, दुसरा लागला की रेषेवर आलात. तिथे थांबायचं. त्याच्या इंचभरही पुढे नाही.

भाऊजी: इंच मला शिकवू नकोस.

धाकटी: नाही शिकवत, मिस्त्री. मग तीन मोठे पिवळे, मग हिरवा. एक्सिलरेटर आधीच दाबून ठेवायचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीनवर. क्लच अर्ध्यापर्यंत एकदम सोडायचा, तिथून पुढे मोजून. सगळा एकदम सोडलात तर चाकं किंचाळतील आणि गाडी तिथेच. फार सांभाळून सोडलात तर क्लच जळेल.

भाऊजी: म्हणजे रंध्यासारखं. सुरुवातीला जोर, मग हात वाहता.

धाकटी: असेल. आणि गिअर लवकर बदलायचा नाही. तुम्ही तीसला तिसरा टाकता, गाडीला बरं वाटावं म्हणून. इथे काटा सहाच्या जवळ येऊ द्यायचा. ती ओरडेल. ओरडू दे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दांडा मुठीत आवळू नका, नुसता तळवा लावून पुढे ढकला. आवळला की हात चुकून पहिल्याकडे जातो आणि इंजिनाचे तुकडे होतात.

भाऊजी: ही पण तळव्यानंच ढकलायची.

धाकटी: मीच शिकवलं तिला. नाही, खोटं कशाला बोलू, तिनं मला शिकवलं. शेजारच्या गाडीकडे बघायचं नाही. शेवटच्या रेषेआधी पाय उचलायचा नाही. रेष ओलांडली की ब्रेकवर नाचायचं नाही, आपल्याच पट्ट्यात राहून सावकाश कमी करायची. आणि आरसे नीट... अहो, हा आरसा पण तिच्याच उंचीचा आहे. तुम्हाला काय दिसतं यात?

भाऊजी: माझी हनुवटी.

धाकटी: मग मागचं कसं बघता?

भाऊजी: बाजूच्या आरशांत. आणि शर्यतीत मागे बघायचंच कशाला? सरळच जायचंय ना.

धाकटी: बाजूचे तरी बरे फिरवलेत.

भाऊजी: ते फाटकाला घासून आपोआप फिरले.

धाकटी: हसवू नका. सहा गाड्या राहिल्या. एक सांगायचं राहिलं, सगळ्यात महत्त्वाचं. ताई प्रत्येक नवख्याला पहिलं हेच सांगायची. हिरवा दिवा लागला म्हणजे तुमचं घड्याळ सुरू झालं असं नाही. चाक रेषेवरून हललं की सुरू होतं. त्यामुळे दिवा बघून घाबरायचं नाही. शेजारचा सुटला तर सुटू दे. थांबलेला वेळ तुमच्या पळण्यात धरत नाहीत.

भाऊजी: खरंच?

धाकटी: दोन आकडे वेगळे छापतात चिठ्ठीवर. किती थांबलात ते वर, किती वेळात पळालात ते खाली. शर्यतीत हरलात तरी खालचा आकडा तुमचाच.

भाऊजी: हे मला नऊ वर्षांत कळलं नाही.

धाकटी: तुम्ही चहा ओतत होतात.

भाऊजी: धाकटे, एक विचारू? माझं नाव का दिलं असेल गं हिनं? या शर्यतवाल्यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, बाईंचं नाव असेल. ते म्हणाले, नाही, नवख्यांच्या गटात तुमचंच आहे, त्यांनी स्वतः भरलंय. ही मला काही बोलली नव्हती.

धाकटी: मला माहीत होतं.

भाऊजी: तुला?

धाकटी: यंदा पाळी माझी होती. तिनं फोन करून सांगितलं, यंदा ह्यांना बसवूया. मी खूप चिडले. म्हटलं, तुझा नवरा पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाईपर्यंत आम्ही जेवून येऊ. म्हटलं, माझी पाळी त्या लाकडाच्या ओंडक्याला देतेस? आणि फोन आपटला.

भाऊजी: ओंडका.

धाकटी: सोमवारी भांडले. गुरुवारी ती गेली. मधले दोन दिवस मी फोन केला नाही. तिनं करावा म्हणून बसले होते. म्हणून विचारलं नाही तुम्हाला काही. कुठल्या तोंडानं विचारणार?

भाऊजी: म्हणजे ते तू होतीस.

धाकटी: काय?

भाऊजी: मंगळवारी जेवताना एकटीच हसत होती. मी म्हटलं, काय झालं? म्हणाली, धाकटीनं तुम्हाला एक नाव ठेवलंय, पण सांगणार नाही, तुम्हाला ते शोभतं. मग म्हणाली, रागावलीय, रविवारपर्यंत येईल बघा, हात हलवत, जसं काही झालंच नाही. तुला आवडतात म्हणून दोन वाट्या काढून ठेवल्या होत्या नव्या सेटमधल्या. तुला द्यायला.

धाकटी: हसत होती?

भाऊजी: पोट धरून. घास लागला तिला, पाणी द्यावं लागलं. मी तुला खोटं सांगेन का? मला जमतं का ते?

धाकटी: नाही जमत.

भाऊजी: रडू नकोस. म्हणजे, रड. पण तो झेंडेवाला इकडे येतोय.

झेंडेवाला: शेजारी बसलेल्यांनी इथे उतरायचं. काका, हेल्मेटचा पट्टा आवळा. पहिलीच वेळ?

भाऊजी: हो.

झेंडेवाला: घाई करू नका. समोर बघा फक्त.

धाकटी: भाऊजी, जाते मी कठड्यापाशी. नाही जमलं तर परत या. कोणी काही म्हणणार नाही.

भाऊजी: थर्मास मागे आहे. घेऊन जा. सैल वस्तू चालत नाहीत गाडीत.

*(धाकटी थर्मास घेऊन उतरते. काही वेळानं तीच गाडी परतीच्या रस्त्यानं येऊन कठड्यापाशी थांबते.)*

धाकटी: काय केलंत हो तुम्ही तिथे? हिरवा लागला आणि गाडी हलेना. शेजारचा तो लाल गाडीवाला शेवटच्या रेषेजवळ पोचलासुद्धा. लोक उभे राहिले. झेंडेवाला धावत निघाला. मला वाटलं... मला काय काय वाटलं.

भाऊजी: चहा आहे का?

धाकटी: आधी सांगा. गाडी बंद पडली?

भाऊजी: नाही. सगळं तू सांगितलंस तसं केलं. पाण्याला वळसा, दोन बारके दिवे, काटा तीनवर. क्लच दाबला, पण पाय वर यायला जागाच नाही. गुडघा स्टिअरिंगखाली अडकलेला. तू म्हणत होतीस तेच. आणि हिरवा लागला.

धाकटी: मग?

भाऊजी: मग आठवलं, घड्याळ अजून सुरू झालेलं नाही. म्हटलं, घाई कसली? गाडी न्यूट्रलला घेतली, हँडब्रेक ओढला. सीटखाली हात घातला, ती दांडी धरली. जरा वेळ नुसता धरून बसलो. मग मागे सरकलो, हळूहळू, एकेक खटका मोजत.

धाकटी: तिथे? रेषेवर?

भाऊजी: घरी आठ महिने रोज गाडीपाशी जायचो. उघडायचो, बंद करायचो. नाही झालं. तिथे झालं.

धाकटी: द्या ती चिठ्ठी. वरचा आकडा... चौदा सेकंद. भाऊजी, चौदा सेकंद थांबलात तुम्ही हिरव्या दिव्यावर. इथल्या इतिहासात एवढं कोणी थांबलं नसेल.

भाऊजी: खालचा बघ.

धाकटी: वीस पूर्णांक सहा. पहिल्या खेपेला? ताईचा पहिला एकवीसच्या वर होता.

भाऊजी: तिसरा तळव्यानं टाकला. ओरडली ती, पण ओरडू दिली. तिकडे पलीकडे गेल्यावर मीही ओरडलो थोडा. काचा वर होत्या, कोणी ऐकलं नाही.

धाकटी: घ्या चहा. सांडू नका.

भाऊजी: ऐक, अजून एक फेरी आहे आपल्या नावावर. चिठ्ठीवाल्यानं सांगितलं. त्याला विचारून आलोय, चालक बदलला तरी चालतो म्हणाला. तू जा.

धाकटी: ताईनं ती तुम्हाला दिलीय.

भाऊजी: दिलेली पळवली मी. ही तुझी पाळी आहे, यंदाची. ओंडका इथे चहा घेऊन उभा राहतो. त्याला सवय आहे.

धाकटी: माझा पाय पोचणार नाही आता. सीट मागे गेलीय.

भाऊजी: सात खटके. मोजून ठेवलेत म्हणून तर सांगतोय. सात पुढे घे, जिथे होती तिथे येईल.

धाकटी: आणि नंतर?

भाऊजी: नंतर मी सात मागे घेईन. बस. आत जा, रांग लहान आहे.

धाकटी: बसतेय. एक, दोन, तीन... हं, सात. बरोबर आली. भाऊजी, या मधल्या आरशात मला मागचा रस्ता सगळा दिसतोय.

भाऊजी: दिसणारच. त्याला हात लावू नकोस, तुझ्यासाठी तो बरोबर आहे.

धाकटी: आणि तुम्हाला यात काय दिसलं आत्ता, सीट मागे घेतल्यावर?

भाऊजी: नुसतं छत. सीटचं झालं. आरसा फिरवायचा अजून राहिलाय.