नाव कमी करणे

महेंद्र: म्हणजे विहारात हे कॉम्प्युटरचं मशीन बसवलं ते दोन हजार तेवीसला. दोन वर्षं एक फाईल हलली नाही. मग यंदाच का?

करुणा: तेच कमिटी मला विचारतीये, महेंद्रदादा. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी मी मांडवगणात घरोघर फिरून रेकॉर्ड केल्या आणि बुद्धविहाराच्या ह्या मशीनवर ठेवल्या. त्यातल्या पाच गायब. आज संध्याकाळी मीटिंगला उत्तर दिलं नाही, तर हे काम माझ्याकडून काढणार.

महेंद्र: शिक्रापूरला कंपनीत मी रोज हेच निस्तरतो. व्हायरस नाही, डिस्क ओके आहे. लाईट गेली तर फाईल खराब होते, अशी एकेक निवडून जात नाही. थांब, कुणी कधी काय केलं त्याची नोंद असते आत. हे बघ. पाचही डिलीट केल्यात. नाव करुणा.

करुणा: मी?

महेंद्र: मशीन तेच म्हणतंय. टायमिंग सकाळी सहा-सव्वासहा.

करुणा: सहाला मी घरी आयुषचा शाळेचा डबा भरत असते.

महेंद्र: आदल्या दिवशी घरी जाताना लॉगआऊट करतेस?

करुणा: नाही. सारखा पासवर्ड कोण टाकत बसणार?

महेंद्र: झालं. आमच्याकडं सुपरवायझरनं हेच केलं होतं. तारखा वाच बरं, मी रिसायकल बिन उघडतो, डिलीट केलेलं तिथं पडून असतं.

करुणा: गेणबामामा, बावीस मार्च. सिंधूबाई, आठ एप्रिल. अंजनाकाकू, दोन मे... दादा, दोन मेला आम्ही काकूंच्या मातीवरून आल्याचा दुसरा दिवस होता. साहेबरावमामा, तेही तसंच. अरे, ही पाचही माणसं गेलेली आहेत. माणूस गेला, की दुसऱ्या दिवशी त्याची फाईल गेली.

महेंद्र: मशीनला कसं कळणार कोण गेलं ते? सकाळी सहाला विहार उघडतं कोण?

करुणा: म्हाळूआबा. झाडून घेतात, मेणबत्ती लावतात. आबा, जरा आत येता का? हा महेंद्र विचारतोय, ह्या मशीनला तुम्ही हात लावता का?

म्हाळूआबा: लावतो की. मार्चात तूच शिकवलं न्हवं? पन्नाशीत अक्षर शिकलो, आन् ऐंशीत हे.

महेंद्र: ह्या पाच फायली तुम्ही काढल्या?

म्हाळूआबा: व्हय. नाव कमी केलं.

करुणा: नाव कमी केलं म्हणजे?

म्हाळूआबा: तीस वरीस गावचा कोतवाल व्हतो, पोरी. माणूस गेलं की दुसऱ्या दिशी चावडीवर वर्दी द्यायची, नाव कमी करायचं. ऱ्हायलं तर मेलेल्याच्या नावावर कुणी रेशन उचलतंय, कुणी मत टाकतंय. इथं यादी दिसली, नावाम्होरं कचऱ्याचा डबा दिसला. काल माती दिली आन् आज नाव तसंच, ते बरं दिसत न्हाई.

करुणा: आबा, तीन मीटिंगा झाल्या. सगळे माझ्याकडं बोट दाखवत होते. तुम्ही समोर बसला होता.

म्हाळूआबा: ते म्हणत व्हते फायली चोरीला गेल्या. म्या काय चोरी केली? मला वाटलं ते दुसरंच कायतरी. मला कुणी इचारलं न्हाई.

महेंद्र: तुम्ही नाव नाही काढलं, आबा. त्या नावात त्यांचा आवाज होता. सिंधूबाई बोलतायत ना त्यात, तेच गेलं.

म्हाळूआबा: आवाज? त्यातच?

करुणा: हो. त्याच्यासाठीच तर यादी आहे. माणूस गेल्यावर ऐकायला.

म्हाळूआबा: मंग लईच वंगाळ झालं.

महेंद्र: चार बिनमध्ये सापडल्या. गेणबामामांची नाही. ती सगळ्यात आधी काढलेली, आणि मार्चअखेरीला जागा कमी पडली म्हणून बिन मीच साफ केलं होतं. ती माझ्या हातानं गेली.

म्हाळूआबा: गेणबानं इहिरीची गोष्ट सांगितली आसंल. दुसरी त्याला येतच न्हवती. मी हजारदा ऐकलीया. मी सांगतो, तू टाईप कर. आवाज गेणबाचा न्हाई येणार, तेवढं सांगून ठेव. आन् मीटिंगला मी बोलतो. तू गप बस.

करुणा: मी बोलणारच नव्हते. तुमच्यापुढं कुणाचं चालतंय?

महेंद्र: एक मिनिट. यादीतल्या गेलेल्या माणसांत एक फाईल जागेवरच आहे. पार्वतीकाकूंची. आबा, ही नाही काढली?

म्हाळूआबा: न्हाई.

महेंद्र: विसरलात?

म्हाळूआबा: सकाळी रोज बघतो. त्या डब्यापातुर बोट नेतो आन् माघारी घेतो. कोतवालीत आसं कवा केलं न्हाई. माझ्या आईचंबी नाव मीच कमी केलं व्हतं.

करुणा: लावू का आबा? काकू बोलतायत त्यात, चाळीस मिनिटं.

म्हाळूआबा: आज नगं. पर वर्दी तर द्याया पायजे. नाव ऱ्हाऊन वर्दी देता येती का?

करुणा: येते. फाईलच्या खाली एक ओळ टाकायची. बाकीच्यांच्याही टाकू. काय लिहू?

म्हाळूआबा: लिही. पार्वतीबाई म्हाळू ओव्हाळ. मयत, मुक्काम दौंड, लेक सुरेखा हिच्या घरी. सतरा जून दोन हजार पंचवीस, मंगळवार, सकाळी साडेआठ. वर्दी देणार, नवरा.