बंड्याकाकांची अप्रेंटिस

आमच्या आयटीआयच्या पोरांना अप्रेंटिस म्हणून घ्या, असं सांगत मी रत्नागिरीतली वर्कशॉपं पालथी घालतो आणि सगळीकडे एकच रडगाणं ऐकतो. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे बंड्याकाका तर हात जोडूनच उभे राहिले.

"नको ओ सर. शिकवायचं मी, आणि हात बसला की पोरगा चालला मुंबईला."

मग मी डिझेल मेकॅनिकच्या वर्गातल्या सायलीला पुढे केलं.

"मुलगी? ही तर लग्न करून जाईल!"

"काका, लग्न करून मी फार तर चिपळूणला जाईन," सायली म्हणाली. "तुमचा शेवटचा पोरगा कुठे आहे?"

"दुबईला," काका पुटपुटले. "ये सोमवारपासून. ओढणी नको हां, पट्ट्यात अडकते."

परवा तिचं वर्ष भरत आलं म्हणून चौकशीला गेलो. काकांनी मला बाजूला घेतलं.

"सर, हिच्यासाठी एखादं चांगलं स्थळ बघा. पण बंदराजवळचंच हां. चिपळूणसुद्धा लांब पडतं."

इंजिनात अर्धी वाकलेली सायली तिथूनच ओरडली, "काका, स्थळ राहू दे. आधी मला कायम करा!"